खंडेनवमीचं तेल

चूक वीरभद्रप्पाकाकांची. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात चूक कुणाची हे कधी कुणी सांगतच नाही. चूक झाली की सगळे मिळून देवाकडं बघतात, देव काही बोलत नाही, मग सगळे माझ्याकडं बघतात, आणि ठरतं की बसूनंच काहीतरी केलं असणार. बसू म्हणजे मी. तेव्हा तुम्ही तरी नीट ऐकून ठेवा. चूक माझी नव्हती, ट्रकाची नव्हती, कुणाच्या नजरेची नव्हती, मस्तानभाई मेकॅनिकची सुद्धा नव्हती, खरं तर त्याचं नाव घ्यायचा मला लई मोह होतोय. चूक आमच्या थोरल्या चुलत्यांची. साठी ओलांडलेली, मिशी पांढरी, आवाज लॉरीच्या हॉर्नसारखा, आणि आयुष्यात एकदाही 'माझं चुकलं' म्हणालेले नाहीत, मराठीत नाही, कन्नडमध्ये पण नाही.

तुम्ही म्हणाल, घरच्या मोठ्या माणसाबद्दल असं बोलतोस? बोलतो. तुमच्या घरात मोठी माणसं नसतील तर तुम्हाला कळणार नाही, आणि असतील तर तुम्ही मनातल्या मनात हेच बोलत असाल, फक्त मी तोंडानं बोलतो एवढाच फरक.

आता ट्रकाचं सांगतो. पण ट्रकाच्या आधी पायाचं सांगायला पाहिजे. माझा डावा पाय घोट्यात वळत नाही. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असताना मोटरसायकलवरून पडलो, डॉक्टरनं आत पट्टी घातली, स्क्रू मारले, आणि घोटा जो घट्ट झाला तो कायमचा. हळहळू नका, हळहळणारी माणसं आमच्या गावात, कुंभारीत, भरपूर आहेत. पाय बरा होईपर्यंत वर्ष बुडलं, वर्ष बुडल्यावर लक्षात आलं की मला ते कॉलेज कधी आवडलंच नव्हतं, मग परत गेलोच नाही. मला आवडत होतं ते एकच. लहानपणापासून काकांच्या लॉरीत बसून विजापूर, हुबळी बघितलेलं पोरगं मी, मला ट्रक चालवायचा होता. आणि आता क्लच दाबता येईना. क्लच दाबता येत नाही म्हणजे काय, रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रक तुमच्याकडं बघून नाही म्हणतो.

काकांनी लॉरी कधीच विकली होती, कुंभारीत किराणा दुकान टाकलं होतं. मला म्हणायचे, "तम्मा, आता कशाला वणवण करतूस? दुकानात बस. बसून काम, पायाला तरास न्हाय." तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ, लाडानं पोराला पण म्हणतात. तर तम्मानं काय करायचं? तम्मानं गुळाच्या ढेपीवरच्या माश्या हाकायच्या. मी म्हटलं, मेलो तरी बसणार नाही.

आणि तेवढ्यात मला तो ट्रक मिळाला. एका परदेशी कंपनीनं सांगोल्याकडच्या माळावर पवनचक्क्या उभ्या करायला आणलेला. पवनचक्क्या उभ्या झाल्या, कंपनी गेली, ट्रक उन्हात राहिला, वर्षानुवर्षं. मग लिलाव. जुना, रंग उडालेला, मागं लांब हौदा, आणि आत बघतो तर दोनच पेडल. एक ब्रेक, एक रेस. क्लच नाही. गिअर आपोआप पडतात. लिलावाला आलेले सगळे ट्रान्सपोर्टवाले आत डोकावायचे, दोन पेडल बघून हसायचे आणि चहाला जायचे. मी मात्र आत चढून बसलो, डावा पाय मोकळा सोडून. हा ट्रक माझ्यासाठीच बनलाय, जपानमध्ये की कुठं बसून कुणीतरी माझाच पाय बघून बनवलाय. माझ्याकडं होतं नव्हतं ते घातलं आणि घेतला.

पळाला की हो. काय पळाला. दांडा D मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, टाकायचा, रेस द्यायची, बाकी तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून राजासारखं बसायचं. सांगोल्याचे धोंडीराम, डाळिंबवाले, स्वतःची बाग आणि आजूबाजूच्या बागांचा माल सोलापूरच्या मार्केट यार्डात पाठवणारे, त्यांच्याकडं गेलो. ते ट्रकाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बसू, डाळिंब म्हणजे पोरीसारखं जपावं लागतंय बघ. झटका बसला की आतनं फुटतंय, वरनं कळत न्हाय. दिवाळीच्या आधी एक फेरी करून दाखव. माल येळंत पोचला आन् एक बी फळ ठेचलं न्हाय, तर सगळा सीझन तुझा. न्हायतर मला दुसरा गडी बघाय लागंल." मी म्हटलं मामा, ह्या ट्रकाला झटका माहितीच नाही, ह्याला क्लचच नाही. ते म्हणाले, "आसं व्हय? मग बरं हाय की."

बरंच होतं. खंडेनवमीपर्यंत बरं होतं.

खंडेनवमीला मी बार्शीला सख्ख्या मामाकडं गेलेलो. दसऱ्याला परत आलो तर ट्रक अंगणात नवरीसारखा उभा. झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाची बोटं, टायरखाली लिंबू, आरशाला आपट्याची पानं. काका ओसरीत बसून मिशीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "तुज्या गाडीची पूजा मी सोता केली. सोताच्या हातानं." मला बरं वाटलं. खरंच सांगतो, मला वाटलं, चला, म्हातारा वितळला, दोन पेडलच्या ट्रकाला निदान गाडी तरी म्हणाला. मी पाया पडलो त्यांच्या. पडलो. वाकून.

दुसऱ्या दिवशी ट्रक बाहेर काढला. D मध्ये टाकला. काही नाही. ट्रक नुसता उभा, इंजिन चालू, गिअर टाकलाय, आणि ट्रक विचारात पडलेला. मग एकदम धाडकन् उचल खाल्ली, मागचा हौदा माझ्या पाठीत आला म्हणा की. पहिल्या गिअरातून दुसऱ्यात जायला एवढा वेळ लावला की तेवढ्यात आमची काकू ताकाचा तांब्या घेऊन चालत पुढं गेली. आणि तिसरा? तिसरा पडलाच नाही. इंजिन बोंबलतंय, काटा वर वर चाललाय, आणि ट्रक बैलगाडीच्या मागं. बैलगाडीवाल्यानं मागं वळून बघितलं, बिचाऱ्यानं बाजूला घेऊन मला जागा दिली, आणि मला ती घेता येईना.

झालं. आता शोधा बिघाड. मी अर्धवट का होईना, मेकॅनिकल शिकलेला माणूस आहे, मोबाईलवर व्हिडिओ बघितले, एक अमेरिकेतला म्हातारा टोपी घालून असल्याच ट्रकाखाली झोपून सगळं दाखवतो. त्यानं सांगितलं, आधी ऑइल बघा. गिअरबॉक्सला एक लांब पट्टी असते, ओढून काढायची, टोकाला ऑइल लागलेलं दिसतं. लाल असलं तर ऑइल चांगलं, काळपट असलं तर जळालेलं. मी पट्टी ओढली. लाल. छान, लालबुंद. म्हटलं चला, ऑइल ठीक आहे, ते सोडा. मग खाली शिरलो. गिअरबॉक्सच्या बुडाला विभूतीच्या तीन रेघा ओढलेल्या. त्याचंही मला काही वाटलं नाही, आमच्या घरात फ्रिजवर विभूती आहे, इन्व्हर्टरवर आहे, पाण्याच्या मोटरीवर आहे, गिअरबॉक्स काय मोठा लागून गेला?

मग रेसच्या पेडलपासून गिअरबॉक्सला एक तार जाते, ती तपासली, ठीक. इंजिनापासून एक रबरी नळी येते, हवा ओढणारी, ती फुटली की गिअर वेळेवर पडत नाहीत म्हणे, ती काढली, फुंकली, पाण्यात बुडवली, कुठं बुडबुडा नाही. फ्यूज बघितले, वायरी बघितल्या, बॅटरीचे टर्मिनल घासले. ट्रक तसाच. सकाळी थंड असताना तर हलायलाच तयार नाही, आणि गरम झाला की गिअर पकड सोडून घसरायला लागतो, रेस द्या, आवाज करतो, जात नाही, एखाद्या सरकारी माणसासारखा.

मग सल्ले. आमच्याकडं बिघाडापेक्षा सल्ल्यांचं काम जास्त. मस्तानभाईकडं नेला. चाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडलेला माणूस, हातात पाना घेऊनच जन्मलाय. आत डोकावला आणि म्हणाला, "अरे बसू, इसमें क्लच किदर है रे?" म्हटलं, नै है भाई. "नै है? तो फिर गिअर कैसा पडता?" म्हटलं, अपने आप पडता. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी ट्रकात भूत आहे म्हणालो. म्हणाला, "अपने आप पडता तो अपने आप ठीक भी हो जाता, मेरे पास कायकू लाया?" आणि जाता जाता, "खोलू क्या? खोलता मैं. बंद करने का नै बोलता." घेऊन आलो परत.

काका ओसरीवरून सगळं बघत होते. म्हणाले, "गाडीत काय बी न्हाय झालं. तुला चालवाय येत न्हाय." आणि आले की धोतर खोचून, बसले माझ्या शेजारी. गिअरच्या दांड्याजवळ इंग्रजी अक्षरं आहेत, P, R, N, D, आणि खाली हळू चढायला २ आणि L. काकांनी बघितलं आणि मला समजावलं, "हे बघ, पी म्हंजे पहिला. डी म्हंजे दुसरा. तू पहिला टाकतच न्हाईस, डायरेक दुसऱ्यावर उचलतूस, मग गाडी कशी वडंल?" म्हटलं काका, P म्हणजे पार्किंग, त्यावर गाडी लॉक होते. "मग लॉकच राहाणार की, तू क्लच कुटं दाबतूस?" म्हटलं क्लच नाहीच. "त्येच तर सांगतोय मी."

आता ह्यावर तुम्ही काय बोलणार? आईला सांगितलं, तर आई भाकरी थापता थापता काय म्हणाली माहितीय? म्हणाली, "मोठ्यांनी सांगितलंय म्हंजे विचार करूनच सांगितलं असंल." हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्या घराच्या दारावर हे लिहून लावायला पाहिजे. माझं नाव शाळेत एक वर्ष उशिरा घातलं, विचार करूनच. घोटा मोडल्यावर आधी दवाखान्यात न नेता हाड बसवणाऱ्याकडं नेलं, विचार करूनच. आमच्याकडं मोठी माणसं इतका विचार करतात की लहान माणसांना आयुष्यभर त्याचे डॉक्टर शोधावे लागतात.

मग मी रोज ट्रक घेऊन अक्कलकोट रोडला जायचो, थोडं चालवायचो, काहीतरी बदलायचो, परत चालवायचो. आणि मी नसताना, हे मला नंतर कळलं, मी नसताना काका ट्रक काढून गावात चक्कर मारायचे. दांडा मागं पुढं, पुढं मागं, चालत्या गाडीत, लॉरीसारखा. गरम, बोंबलत, घसरत. पोरगं चालवतंय ते चुकीचं, मी गाडीला वळण लावतोय, असं शेजाऱ्यांना सांगत फिरायचे.

फेरी जवळ आली. धोंडीराममामांचा फोन, "बसू, उद्या सकाळी माल भरायचा. येतूस न्हवं?" म्हटलं येतो मामा. फोन ठेवला आणि ओसरीच्या पायरीवर बसलो, काय करायचं कळेना. आत शरणम्मा काकूचं शिलाई मशीन चालू होतं. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आवाज येत नाही. ते मशीन माझ्या जन्माआधीचं, चालायला लागलं की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज, आख्ख्या गल्लीला कळायचं काकू झंपर शिवतेय. आणि आज नुसतं सळसळ, सळसळ. मी सहज म्हटलं, "काकू, मशीन दुरुस्त केलंत?"

काकू खुशीत. "न्हाय रं. तेल घातलं. लई चांगलं तेल हाय बघ, तुज्या गाडीचंच. झोपाळ्याच्या कड्यांना घातलं, फाटकाला घातलं, रहाटाला घातलं, कुठं म्हणून आवाज न्हाय. अजून डबाभर हाय."

मी म्हटलं, माझ्या गाडीचं कुठलं तेल?

"ते लाल. तुज्या काकानं काढलेलं न्हवं का, खंडेनवमीला?"

बघा. आमच्या घरात झोपाळा गुळगुळीत, फाटक गुळगुळीत, रहाट गुळगुळीत, मशीन गुळगुळीत, सगळं अगदी लोण्यासारखं फिरतंय, आणि एक ट्रक तेवढा दात खातोय. मी काकांकडं गेलो. ते झोपाळ्यावरच बसलेले, आवाज न करता झुलत. म्हटलं, काका, खंडेनवमीला माझ्या गिअरबॉक्समधलं ऑइल तुम्ही काढलंत?

"काढलं की. काय ते आईल म्हणायचं? सरबतागत. पातळ, लाल, रंग घातलेलं. तुला लिलावात फसवलं बघ लोकांनी, गिअरबॉक्सात सरबत घालून दिलं." आणि छाती पुढं काढून, "मी नव्वद नंबर घातलं. नवा डबा फोडून. घट्ट, मधागत. अठ्ठावीस वर्सं लॉरी हाणली मी, दर खंडेनवमीला सोताच्या हातानं नव्वद नंबर घातलं, एकदा गिअरबॉक्सानं त्वांड वर केलं न्हाय."

म्हटलं, आणि पट्टी लाल कशी दिसली मला?

"कुठली, ती गाडीच्या पोटातली काठी? तिला कुंकू लावलं की. चांगलं तेलात कालवून. तेवढं बी करायचं न्हाय व्हय पूजेत?"

अमेरिकेतला तो म्हातारा टोपी घालून सांगत होता, लाल असलं तर चांगलं. त्याला काय माहीत, की सोलापूरजवळच्या एका गावात गिअरबॉक्सच्या पट्टीला हळदीकुंकू लावतात? त्याच्या देशात काका नाहीत का? मी समजावून सांगितलं. म्हटलं, काका, ह्या गिअरबॉक्सात क्लच पायानं दाबत नाहीत, आत चकत्या आहेत, ते पातळ तेलच त्या चकत्या दाबतं, तेलाच्या जोरावरच गिअर पडतात. मध घातल्यावर कसं दाबणार? चकत्या घासल्या जातात, जळतात. आत्ताच्या आत्ता काढायला पाहिजे ते.

काका झोपाळा थांबवून म्हणाले, "न्हाय. खंडेनवमीला घातलेलं तेल दिवाळीपतोर काढायचं नसतंय. माज्या बापानं काढलं न्हाय, मी काढलं न्हाय. गाडीवरची पूजा मोडती. मग काय झालं तर मला बोलायचं न्हाय."

म्हटलं, काय व्हायचंय ते झालंय.

मग बैठक बसली. आमच्या घरात कुणी मेलं तरी एवढी माणसं जमत नाहीत. आई पदर सावरून बाहेर, काकू मशीन सोडून बाहेर, शेजारचे दोन म्हातारे विचारलं नसताना आत. एक म्हणाला, "नव्वद नंबर म्हंजे लई भारी आईल, नुकसान कसं करंल?" दुसरा म्हणाला, "घट्ट ते चांगलंच की, पातळ दूध कोण पितंय?" काकू म्हणाली, "तुज्या भल्यासाठीच घातलं रं त्येनी, नवा डबा फोडून." आणि आई... आईनं माझ्याकडं बघितलं, तिला कळत होतं सगळं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तरी म्हणाली, "बसू, मोठ्यांनी केलंय म्हंजे विचार करूनच केलं असंल."

मी उठलो. पाना घेतला, ट्रकाखाली शिरलो, सगळ्यांच्या समोर, दिवसाढवळ्या, विभूतीच्या तीन रेघांवर पाना लावला आणि नट सोडला. वरून काकांचा आवाज, "शरणम्मा, बघ गं, बघून ठेव, मला न जुमानता काढतोय." काढतोय. काढलं. आणि जे बाहेर आलं ना, ते मध पण नव्हतं आणि सरबत पण नव्हतं. काळं, जळक्या वासाचं, आणि बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात बारीक चमचम. ती चमचम म्हणजे चकत्या. आतल्या चकत्या झिजून तेलात आलेल्या. मला तेव्हाच कळलं. कळूनही मी सोलापुरात जाऊन लाल ऑइल आणलं, आजकाल पॉवर स्टिअरिंगला तेच लागतं, मिळतं तिथं. घातलं, चालवलं, काढलं, परत नवं घातलं, परत काढलं, परत घातलं. तिसऱ्या खेपेला काळं येणं कमी झालं. D मध्ये टाकला. अलगद हलला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो थोडा वेळ.

सकाळी निघालो तर काका केबिनमध्ये आधीच बसलेले, डोक्याला पटका, हातात नारळ. म्हटलं, तुम्ही कुठं? "पैली फेरी हाय. घरातलं मोठं माणूस नगं व्हय संगं?"

जाताना रिकामा ट्रक छान गेला. तिसरा पडला, चौथा पडला, मंगळवेढ्याच्या पुढं माळावर वारा आत येत होता आणि काका चक्क गप्प होते, आणि मला वाटलं, सुटलो. सांगोल्यात धोंडीराममामांनी स्वतः उभं राहून क्रेट रचले, प्रत्येक क्रेटच्या मध्ये कागद. म्हणाले, "बसू, जपून." म्हटलं, जपतो.

परत येताना भीमेच्या पुलाआधी चढ आहे. तिथं भरलेला ट्रक नुसता आवाज करायला लागला. रेस दिली, आवाज वाढला, वेग कमी झाला. मग नुसता आवाज. ट्रक थांबला. D मध्ये काही नाही. २ मध्ये काही नाही. L मध्ये काही नाही. पुढं नेणारी जी काही चकती होती ती संपली. मागं टँकर, त्याच्या मागं एसटी, सगळे हॉर्न. शेवटी R मध्ये टाकला, नुसतं बघावं म्हणून, आणि ट्रक सरकला. मागं. रिव्हर्स चांगला होता, रिव्हर्स एकदम नव्यासारखा.

तर तुम्ही डोळ्यासमोर आणा. डाळिंबानं भरलेला ट्रक, हार घातलेला, राष्ट्रीय महामार्गावर उलटा चाललाय, कडेकडेनं, आणि पटका घातलेला एक म्हातारा मागं पळत पळत हात करतोय, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, डाव्याला, तुज्या डाव्याला न्हाय, माज्या डाव्याला." एसटीतली माणसं खिडकीतून बघतायत. एकानं मोबाईल काढला. असं करत मागं राहिलेल्या एका धाब्यापर्यंत उलटा आलो आणि झाडाच्या सावलीत लावला. उन्हात डाळिंब तापतं म्हणून.

मी मामांना फोन केला. खोटं काय बोलणार? त्यांच्याकडं एक जुनी लॉरी आहे, बागेतलं खत वाहायला, ती स्वतः चालवत आले. क्रेट एकेक करून उतरवले आणि तिच्यात चढवले. मी चढवले, एका पायावर जोर देऊन. मग मामा म्हणाले, "आता पुढं कोण न्हेणार? मला सोलापुरातलं ट्रॅफिक जमत न्हाय, मी हितवर बी जीव मुठीत घिऊन आलोय."

काका म्हणाले, "चावी द्या."

चढले. पटका सारखा केला. आणि त्यांनी क्लच दाबला. मी खाली उभा होतो, मला केबिनच्या दारातून त्यांचा डावा पाय दिसत होता, जुनी चप्पल, टाच खाली टेकवलेली, आणि पाय असा सहज वर खाली, जसं माणूस बसल्या बसल्या पाय हलवतो. पहिला टाकला, आवाज नाही. दुसरा टाकला, आवाज नाही. लॉरी अशी उचलली की हौद्यातला वरचा कागदसुद्धा फडफडला नाही. गेले पुलावर, गेले पलीकडं. मला त्यांचा एवढा राग आलेला असताना पण मी बघत राहिलो, हे खरं आहे म्हणून सांगतो.

माल वेळेत पोचला. एक फळ ठेचलं नाही. संध्याकाळी धोंडीराममामांचा फोन आला तो मला नाही, काकांना. "वीरभद्रप्पा, तुमचा हात लई हलका हो. सीझनभर याल का?" काकांनी फोन ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना सांगितलं की डाळिंबाचं काम घरातच राहिलं, मी संगं गेलो म्हणून राहिलं. काकूनं ओवाळलं त्यांना. आई माझ्याकडं बघत होती, ह्या वेळी तिच्या आधी मीच म्हटलं, "विचार करूनच केलं असेल."

आता काका रोज सांगोल्याला जातात. त्यांच्या दुकानात कुणीतरी बसायला पाहिजे, म्हणून मी बसतो. ट्रक मस्तानभाई घेऊन गेला, खोलला, आणि म्हणाला तसा बंद केला नाही.

तर ह्यात माझ्या पदरात काय पडलं ते सांगतो. ट्रक गेला, फेरी गेली, आणि ह्या पायानं चालवता येईल असा दुसरा ट्रक सोलापुरात नाही.